‘जीवनशैली’ कुणाची? शुगर, बीपी आणि आपली वस्ती

(स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या अभ्यासवर्गात पुण्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मित्रमैत्रिणींनो, आयोजकांनी मला विषय दिलाय ‘जीवनशैलीचे आजार : कारणे आणि उपाय’. मी सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. डायबेटिसच्या ओपीडीत बसते, माणसांना काय खा आणि काय खाऊ नका ते सांगते. त्यामुळे तुम्हाला वाटत असेल की आता ही बाई मेथीचं पाणी आणि सकाळचा वॉक सांगून खाली बसेल. वॉकबद्दल बोलणार आहे. पण आधी विषयातला पहिलाच शब्द जरा तपासून घेऊ.

‘जीवनशैली’. शैली म्हटलं की निवड आली. कपड्यांची शैली, लिहिण्याची शैली. म्हणजे ज्याला शुगर झाली, बीपी झालं, त्याने ते निवडलं. जास्त खाल्लं, कमी हलला, आळस केला, आता भोगा. हा सूर आपल्याला कुठून तरी ओळखीचा वाटतो ना? तुमच्या वाट्याला जे आलं ते तुमच्याच करणीने आलं, असं आपल्या आजोबा-पणजोबांना पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. फरक इतकाच की तेव्हा करणी मागच्या जन्मातली होती आणि आता ती कालच्या जेवणातली आहे. दोषी माणूस मात्र तोच.

याचा अर्थ खाण्यापिण्याचा, हालचालीचा आजाराशी संबंध नाही असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर माझी नोकरीच जायची. संबंध पक्का आहे. प्रश्न असा आहे की एखादा माणूस जे खातो, जिथे झोपतो, जितके तास राबतो, जी हवा नाकात घेतो, ते ठरवतं कोण?

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमधल्या नोकरांवर १९६७ मध्ये एक अभ्यास सुरू झाला. त्याला ‘व्हाइटहॉल अभ्यास’ म्हणतात. हे सगळे नोकरीवाले, पगारवाले, एकाच शहरातले, उपाशी कुणीच नाही. तरीही तळाच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई-दरवान दर्जाच्या माणसांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वात वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त निघाले. लोक म्हणाले, ते सिगारेट जास्त ओढत असतील. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरून पाहिलं, तरी निम्म्याहून अधिक फरक उरलाच. मायकल मार्मट या डॉक्टरने पुढे आयुष्यभर हाच धागा धरला. माणूस शिडीच्या कुठल्या पायरीवर उभा आहे, कामावर त्याचा स्वतःचा ताबा किती, त्याला मान किती मिळतो, याचा त्याच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, हे त्याने दाखवलं. आणि ती इंग्रजांची शिडी होती. तिच्यावर बढती मिळते. आपल्याकडच्या शिडीला पायऱ्या आहेत, पण एका पायरीवरून दुसरीवर जायला जिना नाही.

आपल्याकडे काय दिसतं? संगीता व्यास, पायल हाथी आणि आशीष गुप्ता या संशोधकांनी आसाम, बिहार, छत्तीसगड, झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशा, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड या नऊ राज्यांतली सुमारे २ कोटी माणसांची सरकारी सर्वेक्षणातली माहिती तपासली. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान ४ वर्षांहून अधिक कमी, दलितांचं ३ वर्षांहून अधिक कमी आणि मुसलमानांचं सुमारे १ वर्षाने कमी. आता पुढचं वाक्य नीट ऐका. गरिबी हिशेबात धरली तरी या फरकातला निम्म्याहून कमी भाग तिच्याने उलगडतो. म्हणजे ‘हा प्रश्न जातीचा नाही, गरिबीचा आहे’ असं जे आपल्याला चहाच्या टपरीपासून मुलाखतीच्या पॅनलपर्यंत ऐकवलं जातं, ते आकड्यांत बसत नाही.

जाता जाता एक गोष्ट. ‘दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षं आधी मरते’ हा आकडा तुम्ही व्हॉट्सॲपवर पाहिला असेल. तो संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालातला आहे, खोटा नाही. पण तो आयुर्मानाचा नाही, मेलेल्या स्त्रियांच्या सरासरी वयाचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्या समाजात तरुण आणि लहान मुलं जास्त, तिथे मृत्यूचं सरासरी वय तसंही खाली येतं. आपली बाजू खरी आहे. आकडा चुकीच्या नावाने वापरून ती कच्ची करू नका. समोरचा टपलेलाच असतो.

आता माझ्या ओपीडीत या.

आमच्याकडे एक छापील डाएट चार्ट आहे. सकाळी सात वाजता भिजवलेले बदाम. आठला ओट्स किंवा मूग डोसा. अकराला एक सफरचंद. दुपारी दोन फुलके, वाटीभर भाजी, कोशिंबीर, ताक. चारला ग्रीन टी. मी नोकरीला लागले तेव्हापासून हाच चार्ट आहे. एकदा एक मावशी आल्या, कंत्राटी सफाई कामगार. पहाटे साडेचारला उठतात, साडेपाचला हजेरी. घरून निघताना कोरा चहा आणि दोन टोस्ट. अकरा-साडेअकरापर्यंत झाडू. त्या वॉर्डात बायकांसाठी एकही वापरता येईल असं स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. भूक लागू नये म्हणून मिश्री लावतात. दुपारी घरी येऊन रेशनच्या तांदळाचा भात, वर पातळ कालवण. शुगर तीनशेच्या घरात, बीपी वाढलेलं, लघवीला सारखी जळजळ. त्यांनी चार्ट हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मला विचारलं, “मॅडम, हे आठ वाजता खायचं, ते झाडू कुठं ठेवून?”

मावशींना टिंगल करायची नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या चार्टमध्ये शास्त्रीय चूक एकही नाही. पण तो ज्या माणसासाठी लिहिलाय त्याच्या घरात स्वयंपाक करणारं कुणीतरी आहे, त्याच्या कामावर संडास आहे, त्याच्या खिशात सफरचंदाचे पैसे आहेत आणि सकाळी आठ वाजता त्याच्या हातात झाडू नाही. त्या माणसाची जात चार्टवर छापलेली नसते, तरी ती कळते. मावशींच्या आजाराची यादी करायची तर पहिल्या ओळीवर साखर येत नाही. हजेरीची वेळ येते, नसलेलं स्वच्छतागृह येतं, रेशनच्या दुकानात धान्य मिळतं पण डाळ मिळेलच असं नाही, ही गोष्ट येते. आणि मिश्री? तंबाखू वाईटच. ती सोडायलाच हवी. पण मिश्री हा आपल्या बायकांनी उपाशीपोटी राबताना शोधलेला भुकेवरचा जुना उतारा आहे. भूक तशीच ठेवून नुसती मिश्री सुटत नाही.

आता थोडं शास्त्र सांगते, कारण ते थेट तुमच्याबद्दल आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. गरोदर होण्याआधी या बायकांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास, उंची पाच फूट. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. आपली बाळं हाताडली-बारीक होती, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला काटकुळं, आतून चरबीवालं. उपाशी आईच्या पोटात शरीर काटकसर शिकतं. स्नायूंवर खर्च कमी करतं, मेंदू वाचवतं, चरबी जपून ठेवतं. अशा शरीराला पुढे बसून खायला मिळालं की साखर झेपत नाही.

त्याच अभ्यासातून आणखी गोष्टी पुढे आल्या. गरोदरपणात ज्या बायकांना जास्त कष्टाचं काम करावं लागलं त्यांची बाळं लहान निघाली. ज्यांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध वारंवार होतं त्यांची बाळं मोठी निघाली. निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं दिसली.

बी-१२ मिळतं कशातून? मांस, मासे, अंडी, दूध. पालेभाजीतून मिळत नाही. आता आपल्या पूर्वजांच्या ताटाचा विचार करा. जे खात होतो त्यासाठी आपल्याला अस्पृश्य ठरवलं. वजरी, रक्ती, चान्या, सुकट. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या मांग-महारांच्या या स्वयंपाकाची नोंद करून ठेवली आहे. आपल्या घरात ती नोंद असते आणि आपल्यालाच तिची लाज वाटते. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला आणि गरिबाच्या आवाक्यातलं एक मांस ताटातून गेलं. कर्नाटकात २०२१ मध्ये कल्याण-कर्नाटकातल्या जिल्ह्यांत शाळेच्या जेवणात अंडं द्यायचं ठरलं तेव्हा मठाधिपती विरोधाला उभे राहिले. म्हणजे पोराला अंडं द्यायचं की नाही हे त्या पोराच्या हिमोग्लोबिनवरून ठरत नाही, दुसऱ्या कुणाच्या सोवळ्यावरून ठरतं. शाकाहार वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला परवडतं, ज्याच्या घरी दूध-दही-तूप-पनीर आहे, त्याचं भागतं. आपल्याला ‘शुद्ध शाकाहारी’ केलं की आपल्या ताटात दूध येत नाही, नुसता भात वाढतो.

मग ही बाळं मोठी झाली, शिकली. तुमची आई रोजगार हमीवर खडी फोडत होती, ऊस तोडत होती, पाचव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेत होती, तेव्हा तुम्ही पोटात होता. आज तुम्ही अभ्यासिकेत दहा-बारा तास खुर्चीवर आहात. मेसच्या डब्यात दोन पोळ्या, भात, बटाट्याची भाजी आणि डाळ शोधावी लागेल असं वरण. मध्ये पाच वेळा चहा, सोबत खारी, रात्री मॅगी. कुणी बँकेत लागलं, कुणी आयटीत, तिथेही खुर्चीच. आईची उपासमार आणि लेकराची खुर्ची एकाच शरीरात भेटतात. आपल्या घरातला पहिला पदवीधर बहुतेक वेळा घरातला पहिला बसून काम करणारा माणूस असतो, आणि तिशी-पस्तिशीत शुगर निघणारा पहिलाही तोच असतो. आमच्या ओपीडीत अशी मुलं येतात. तलाठी, शिक्षक, क्लार्क. म्हणतात, “मॅडम, मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?” बारीक आहेस म्हणूनच तपास, बाबा.

याचंच दुसरं टोक आहे. काही माणसं जन्मभर अर्धपोटी राहिलेली, आजही हाडकुळी, चरबीही नाही आणि तरी शुगर. त्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिनच पुरेसं येत नाही. जमैकात १९५५ मध्ये असे रुग्ण प्रथम नोंदवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेह असा वेगळा प्रकार मान्य केला आणि १९९९ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून तो यादीतून काढला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी त्यावर काम चालू ठेवलं. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. पंचवीस वर्षं भुकेच्या मधुमेहाला पुस्तकात नाव नव्हतं. नाव नसलं की उपचाराचा नियमही नसतो. अशा माणसाला टाइप २ समजून ‘खाणं कमी करा’ सांगितलं, तर आधीच अर्धपोटी असलेल्याला आपण पुन्हा उपाशी ठेवतो.

आता हवा-पाण्याकडे येऊ, म्हणजे वस्तीकडे.

आपली वस्ती कुठे असते हे मी तुम्हाला सांगायला नको. गावाच्या खालच्या अंगाला, सांडपाणी उतरतं तिकडे. शहरात आलो तर गाव बदललं, दिशा बदलली नाही. मुंबईत देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं ते साल हेच. पाण्याचा हक्क मागितला त्याच वर्षी एका शहराचा कचरा कुठे जाणार तेही ठरलं, आणि आज त्या कचऱ्याभोवती गोवंडी-मानखुर्दमध्ये कोण राहतं ते जाऊन बघा. दलित, मुसलमान, उत्तरेतून आलेले मजूर. दिल्लीला गाझीपूर आणि भलस्वा, चेन्नईला कोडुंगैयूर आणि पेरुंगुडी. नावं वेगळी, शेजारी तेच. मानखुर्द-गोवंडीत पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथे टीबी आणि बंद हवा-अंधार यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे. तिथल्या बाईला ‘रोज सकाळी वीस मिनिटं कोवळ्या उन्हात बसा’ असं सांगायला मला तोंड नाही.

चुलीचा धूर बघा. आयुष्यात विडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी होतो, म्हणजे विडी ओढणाऱ्याचं फुप्फुस. उज्ज्वला २०१६ ला आली, सिलिंडर घरात आलं, ही चांगलीच गोष्ट. पण पुढचं सिलिंडर भरायला पैसे नसले की ते कोपऱ्यात उभं राहतं आणि चूल पेटते.

मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ, धार भागातले आदिवासी गुजरातमध्ये गारगोटीचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला लावले. आपल्या बीडचं तुम्हाला ठाऊकच आहे. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने पाहणी केली तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड. त्यावर उपाय म्हणून अवयवच काढून टाकायचा. त्यानंतर ऐन तिशीत हाडं दुखणं, उष्णतेचे लोट, थकवा सुरू. याला कुणाची जीवनशैली म्हणायचं?

आणि एक गोष्ट जी मोजायला अवघड आहे. अमेरिकेत आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये काळ्या स्त्रियांबद्दल एक कल्पना मांडली : सततच्या भेदभावाने शरीर झिजतं, वयाआधी म्हातारं होतं. वाऱ्यापावसाने भिंत झिजते तसं. आडनाव सांगताना घशात येणारा आवंढा, खोली बघायला गेल्यावर ‘तुम्ही कोणापैकी?’, ऑफिसात ‘कोट्यातून का?’ प्रत्येक वेळी छातीचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, थोड्या वेळाने उतरतो. हे दिवसाला दोनदा, वर्षानुवर्षं होत राहिलं की एक दिवस तो उतरत नाही. मग डॉक्टर विचारतात, मीठ जास्त खाता का?

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. पायांतल्या वेदनांनी शेवटची वर्षं त्यांना बेजार केलं होतं. त्यांच्या फोटोंत आपण कोट आणि पुस्तक बघतो, शेवटच्या काळातली काठी आणि धरलेला खांदा बघत नाही. पण आजच्या विषयात मला त्यांची आठवण येते ती १९४२ ते १९४६ या काळासाठी, जेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. नोव्हेंबर १९४२ च्या श्रम परिषदेत त्यांनी आठ तासांच्या दिवसाचा मुद्दा आणला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. खाणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचा कायदा त्यांनी सुधारला. कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल १९४४ चा, त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा झाला. लवकर झोपा, मन शांत ठेवा असं त्यांनी मजुराला सांगितलं नाही. त्याला झोपायला तास मिळवून दिले. आजाराच्या मुळावर काम करणं मी याला म्हणते.

हे मुद्दाम सांगते, कारण ‘मूळ कारणावर उपचार’ हे शब्द आता बाजारात आलेत. मोबाइल उघडला की कुणीतरी सांगतो, गोळ्या बंद करा, नव्वद दिवसांत शुगर मुळापासून घालवतो, पॅकेज अमुक हजार. वजन उतरवून काही जणांची शुगर औषधाशिवाय ताब्यात येते, हे खरं आहे. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं आणि सगळ्यांचं होत नाही. ज्याच्या शरीरात इन्सुलिनच नाही त्याने इन्सुलिन सोडलं तर काही दिवसांत जीव जातो. घरच्यांना बजावून सांगा : मुळाचं काम आपण करू, तोवर गोळी चालू राहील. बीपीच्या आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. नसल्या तर का नाहीत ते लेखी विचारा. अर्ज लिहायला शिकलोय आपण, तो कामी यावा.

आता तुमच्यापुरतं काय ते थोडक्यात सांगते. कंबर मोजा. आपल्यासाठी पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटर ही मर्यादा, वजन काटा काहीही म्हणो. पंचविशी ओलांडली आणि घरात कुणाला शुगर असेल तर वर्षातून एकदा तपासणी करा. उपाशीपोटी १२६ किंवा तीन महिन्यांची सरासरी साखर ६.५, त्यापुढे मधुमेह धरतात. बीपी १४०/९० च्या वर दोन-तीन वेळा आलं तर घरगुती उपाय करत बसू नका. मेसवाल्याशी भांडा, पण पोळीवरून नको, डाळीवरून आणि उसळीवरून. उकडलेली दोन अंडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, हुलग्याचं माडगं. बदामाची गरज नाही. गावाहून येताना लाडू आणता तशी सुकट आणा, ज्वारीचं पीठ आणा. रूमवर वास येतो म्हणून लाजू नका. तासाला एकदा खुर्ची सोडा, दिवसात अर्धा तास भरभर चाला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर तीन वर्षं अभ्यास केला. खाण्यातला बदल आणि चालणं यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. गोळीइतकाच गुण. आणि त्या अभ्यासात जे मुळात अंगमेहनतीचं काम करत होते त्यांना जादा चालायला सांगितलं नव्हतं. म्हणून घरी जाऊन खुरपून आलेल्या आईला ‘वॉकला जात जा’ म्हणू नका. तिला बसू द्या. तिच्या ताटात शेवटी काय उरतं ते बघा. आपल्या घरात बाई शेवटी जेवते, आणि शेवटी भांड्याच्या तळाला भात उरतो, डाळ उरत नाही.

पहिला पगार झाला की आपण आईला साडी घेतो. साडी घ्याच. त्याच आठवड्यात तिचं बीपी, शुगर आणि हिमोग्लोबिन तपासून आणा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताईने भरायचा असतो. आपल्या वस्तीतला भरलाय का ते विचारा. आशाताईवर ओरडू नका, तीही आपल्यातलीच आणि तुटपुंज्या मोबदल्यावर राबणारी. घरात कुणी कंत्राटी कामावर असेल तर त्याची पगाराची चिठ्ठी बघा. महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होण्याची शक्यता मोठी. ०.७५ टक्के त्याच्याकडून कापले जातात, ३.२५ टक्के मालकाने भरायचे असतात. कापलेले भरलेत का हे पोर्टलवर दिसतं. वडिलांना ते बघता येणार नाही. तुम्हाला येतं.

आणि वस्तीपुरतं. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिला थोडा निधीही येतो. ती कागदावर कुणाच्या घरात बसलेली असते हे तुम्ही सुटीत गेल्यावर शोधा. कामावरच्या बायकांना स्वच्छतागृह, शाळेत अंडं, गटाराचं तोंड वस्तीकडून वळवणं, या सगळ्या माझ्या लेखी आरोग्याच्या मागण्या आहेत. त्या मागताना डॉक्टर बरोबर असला तर बरं, नसला तरी चालेल. आणखी एक मागणी आहे जी तुमच्यासारख्यांनीच करायची. सरकार दरवर्षी आयुर्मान काढतं : राज्यवार, स्त्री-पुरुष, गाव-शहर. जातवार काढत नाही. मघाचा तो ३ आणि ४ वर्षांचा आकडा संशोधकांना जुन्या सर्वेक्षणातून उकरून काढावा लागला. तुमच्यातलं कुणी संख्याशास्त्र करतंय, कुणी उद्या प्रशासनात जाईल. हे काम डोक्यात ठेवा.

त्या मावशींचं काय झालं, असं कुणीतरी विचारेलच. आम्ही त्यांच्यासाठी चार्ट हाताने लिहिला. पहाटे घरून निघताना रात्रीची अर्धी भाकरी आणि उकडलेलं अंडं, खिशात फुटाणे, चहा बिनसाखरेचा, गोळीची वेळ हजेरीच्या वेळेप्रमाणे. शुगर खाली आली, पुरेशी नाही. स्वच्छतागृहासाठी त्यांच्या बायकांनी युनियनमार्फत दोन अर्ज दिलेत. अजून झालेलं नाही. पाणी त्या अजूनही दुपारी घरी आल्यावरच पितात.

मागच्या टेबलावर मोजपट्टी, बीपीचं यंत्र आणि वही ठेवली आहे. प्रश्नोत्तरं झाली की एकेकाने मोजून घ्या. पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही सफाई कामगारांच्या वसाहतीत तपासणीला जातोय. बीपी मोजायला दहा मिनिटांत शिकवते, लिहायला चार जण लागतील. येणाऱ्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर नाव टाका. जय भीम.